पेटीची पारख

आकाराम मोहित्याला या व्यवहारात मिळणार काय होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. कारण मागाहून कारखान्यात ज्यानं त्यानं ते आपापल्या सोयीनं मांडलं. दलाली मिळणार नव्हती. ती घ्यायला जीभ जरा आखूड लागते, आणि आकारामची जीभ फौजेत पंधरा वर्षं काढूनही आखूड झाली नव्हती. पगार वाढणार होता तो एवढाच, की बायकोला सांगावा की गिळावा असा प्रश्न पडावा. कॉलनीतला बंगला मिळणार होता. बंगला म्हणजे चार खोल्या आणि मागं परसू, पण नळ घरात. आणि या सगळ्याहून मोठी जमा म्हणजे चेअरमन लालासाहेबांच्या तोंडून एक वाक्य: "आकाराम, तुझं खरं."

हे वाक्य ऐकायला तो चौथीच्या वर्गापासून टपून बसला होता. दोघं एका गावचे, एका पाटीला थुंकी लावून पुसणारे. पुढं लालासाहेबांकडं ऊस आणि भावकी दोन्ही भरपूर असल्यानं ते चेअरमन झाले, आणि आकारामच्या वाटणीला दीड एकर आल्यानं तो फौजेत गेला. रणगाड्यांच्या तारा जोडता जोडता वीज शिकला, सुभेदार होऊन परतला आणि मित्राच्याच साखर कारखान्यात विद्युत विभागाचा प्रमुख झाला. चारचौघांत तो लालासाहेबांना "चेरमनसाहेब" म्हणे आणि एकटे सापडले की "लाल्या". चेअरमन मात्र दोन्हीकडं त्याला आकारामच म्हणत. कोण कुठल्या पायरीवर बसलं होतं ते एवढ्यावरून कळावं.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती: जत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा कारखाना उसासाठी जतच्या मेंढपाळांकडून लेंडीखत विकत घेई. तिथं माळावर पत्र्याचं एक शेड होतं, एक वजनकाटा होता, आणि तिथला कारकून "आईला बघून येतो" म्हणून गेला तो आईकडंच राहिला होता. आकारामची पेटी हरली, तर त्या रिकाम्या खुर्चीवर आकाराम. हे चेअरमननी भर बैठकीत सांगितलं होतं, आणि संचालक मंडळ चहा पिता पिता हसलं होतं.

आता पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

सन एकोणऐंशीची गोष्ट. कारखान्यात शिजलेली दाणेदार साखरखीर गरगर फिरणाऱ्या जाळीच्या पिंपांत ओततात. मळी बाहेर फेकली जाते, साखर आत भिंतीला चिकटून राहते. मग पाण्याचा फवारा, मग वाफ, मग पिंप हळू झालं की वरून एक लोखंडी नांगर उतरतो आणि साखर खरवडून खाली पाडतो. कशानंतर काय करायचं हे ठरवायला भिंतीवर एक कपाट होतं. त्यात शेकडो खटके, आणि ते दिवसभर टकटक करत एकमेकांना निरोप द्यायचे. पण साखर कारखान्यातली हवासुद्धा गोड. खटके चिकटायचे. मुंगळे आत शिरायचे आणि नको त्या जागी चिरडून मरायचे. मागच्या हंगामात असाच एक खटका चिकटला आणि पिंप पुऱ्या वेगात असताना नांगर खाली आला. नांगराचं पातं तुटून उडालं, ते मशीनवाल्या हरिबाची टोपी घेऊन गेलं. डोकं ठेवलं, ही त्याची मेहेरबानी. हरिबा त्यानंतर महिनाभर मशीनकडं बघताना मान वाकडी करून बघे.

तेव्हा मंडळानं ठरवलं की खटक्यांचं कपाट काढायचं आणि त्या जागी नवीन निघालेला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर बसवायचा. एवढं लांब नाव कोण घेतो? कामगारांनी त्याचं नाव ठेवलं शानी, म्हणजे शहाणी, पेटी. या पेटीत तारा आहेत तशाच राहतात, आणि नुसती बटणं दाबून सांगायचं की अमुक झाल्यावर तमुक कर. उद्या क्रम बदलायचा झाला, तर तार न उचकता बदलता येतो. सरकारी परवाना एकाच पेटीचा निघाला होता, आणि पेट्या आल्या दोन.

एक मुंबईच्या कंपनीची, अमेरिकन बनावटीची. तिची एजन्सी सांगलीत विश्रामबागेत होती आणि एजंट होते नानासो, म्हणजे चेअरमनचे धाकटे जावई. दुसरी पुण्याच्या कंपनीची, राखाडी रंगाची, वरून पाठीला बरगड्या असल्यासारखी पत्र्याची पाती. ती आकारामनं हुडकून काढलेली. मुंबईची पेटी मोटारीत गादीवर निजून आली. पुण्याची पेटी कांदा भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून लोणंदपर्यंत आली आणि तिथून जीपमध्ये स्टेपनीशेजारी बसून. येतानाच दोघींची खानदानं कळली.

बैठकीत आकारामनं आपलं म्हणणं मांडलं ते पुष्कळ वेळ मांडलं. पेटी किती हुशार हे बघू नका, म्हणाला. वीज गेली आणि आली तर तिला आपण कुठं होतो ते आठवतं का ते बघा. आपल्या उकाड्यात, आपल्या चिकट हवेत ती तगते का ते बघा. बिघडली तर कोण येणार, आणि तो येईपर्यंत आमच्या माणसाला बिघाड सापडेल का, ते बघा. मुंबईच्या पेटीला गार राहायला पंखा लागतो, तो बाहेरची हवा आत ओढतो. पुण्याच्या पेटीला पंखाच नाही. ती बंद डब्यासारखी, आतली ऊब पाठीवरच्या पात्यांतून बाहेर टाकते.

चेअरमन म्हणाले, पंखा असलेल्या माणसाला आपण श्रीमंत म्हणतो, आणि हा आकाराम पंखा नसलेल्याची शिफारस करतोय. मंडळ हसलं. मंडळ चेअरमनच्या विनोदाला आधी हसून मग समजून घेत असे.

त्यातून वाट काढली भाऊसो खरातांनी. भाऊसो जतकडचे, पिढीजात मेंढपाळ, आता दोन विहिरींचे बागायतदार आणि लेंडीखताच्या जोरावर संचालक. ते म्हणाले, "माज्या बापानं इकणाऱ्याच्या दारात बगून कवा मेंढा घेतला न्हाई. इकणाऱ्याच्या दारात समदंच मेंढं पैलवान. आणायचा, आपल्या कळपात सोडायचा, आपल्या कुत्र्याम्होरं उबा करायचा. मग बोलायचं."

ठरलं. पोतेपूजनाच्या दिवशी, म्हणजे हंगामातलं पहिलं साखरेचं पोतं निघेल त्या दिवशी, तीन नंबरच्या मशीनला मुंबईची पेटी जुंपायची आणि चार नंबरला पुण्याची. सकाळच्या भोंग्यापासून पाळी सुटेपर्यंत जी न थांबता चालेल ती घ्यायची. चेअरमननी त्याला जिंकला तर बंगला, हरला तर जत असं शेपूट जोडलं, आणि आकारामनं कुणी विचारायच्या आत "कबूल" म्हणून टाकलं. ही त्याची जुनी खोड. फौजेतसुद्धा वरचा माणूस वाक्य पुरं करायच्या आत तो हो म्हणायचा, आणि मग रात्रपाळी लागायची.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, राहीबाईला, ही बातमी दिली. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"जावा की," ती म्हणाली. "लेंडीखताचं एक बरं हाय. ते उलटून बोलत न्हाई."

"हरतोय कोण?"

"तुमी न्हाई वो. पेटी हरंल. तुमी नुस्तं तिच्यासंगं जाताल."

दुसऱ्या दिवशी आकाराम एस.टी.नं विश्रामबागेत जाऊन शत्रूचं सैन्य बघून आला. नानासोंनी सफारी घालून स्वागत केलं आणि कोल्ड्रिंक मागवलं. मुंबईहून सबनीस नावाचा तरुण इंजिनियर आला होता. सडपातळ, सरळ बोलणारा, आपल्या पेटीवर लेकीसारखं प्रेम करणारा. त्यानं पेटी चालू केली. टीव्हीसारख्या पडद्यावर तारांच्या जोडणीचं, शिडीच्या पायऱ्यांसारखं चित्र उमटलं, आणि कुठला खटका लागला, कुठला सुटला, ते पडद्यावर जिवंत दिसू लागलं. क्रम बदलायला पुण्याच्या पेटीवर आकाराम अर्धा दिवस बटणं बडवी. सबनीसनं कोल्ड्रिंक संपायच्या आत तो बदलून दाखवला. आकारामनं पंख्याची जाळी निरखली आणि म्हणाला, आमच्याकडं हवेतसुद्धा साखर असते. सबनीसनं ते वहीत लिहून घेतलं. नानासोंनी लिहून घेतलं नाही. त्यांना पाठ होतं की मामंजींचा शब्द हवेहून मोठा असतो.

आकाराम घरी गप्प आला. ती पेटी त्याच्या पेटीहून हुशार होती, यात शंकाच नव्हती. राहीबाईनं त्याचं तोंड बघितलं आणि त्या दिवशी टोमणा मारला नाही. टोमणा नाही म्हटल्यावर आकारामला खरी भीती वाटली.

पोतेपूजनाचा दिवस उजाडला. कारखान्याच्या आवारात मांडव, लाऊडस्पीकर, ताशा. पाहुणे म्हणून आजूबाजूचे सरपंच आले होते. मशीनघरात तीन आणि चार नंबर धुऊनपुसून उभ्या, त्यांच्यामागं भिंतीवर दोन पेट्या. इथं एक रीत सांगायला हवी. या भागात नवी वस्तू, मग ती बैलगाडी असो, इंजिन असो की सायकल, नारळ-हळदकुंकवावाचून जुंपली जात नाही, आणि मशीन म्हटलं की वर गुलाल. सबनीसनं मात्र आपल्या पेटीवर स्वच्छ प्लॅस्टिक घातलं होतं. पुजारी आला तसा तो आडवा उभा राहिला आणि नम्रपणानं म्हणाला, हिला पूजा नको.

पुजारी चेअरमनकडं बघू लागला. चेअरमन जावयाकडं. तेवढ्यात तीन नंबरवर ज्याची पाळी होती तो हरिबा दोन पावलं मागं सरला आणि त्यानं हात पाठीमागं बांधले.

"म्या न्हाई चालू करायचा," तो म्हणाला. "गेल्या साली टोपी गेली. औंदा बिनपूजंचं म्हंजी काय जाईल, ते तुमीच इचार करा."

मशीनघरातले बाकीचे मशीनवालेही हात पुसत उभे राहिले. कुणी आवाज चढवला नाही. फक्त कुणाचा हात पुढं येईना. चेअरमनच्या ध्यानात आलं की बाहेर सरपंच बसलेत आणि आत पहिलं पोतंच निघणार नाही. त्यांनी सबनीसला प्लॅस्टिक काढायला सांगितलं.

आता या जागी आकारामच्या हातात एक गप्प बसणं होतं, आणि ते फुकट होतं. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं की जत लांब जाणार. हिशेबी माणसानं तेच केलं असतं. पण आधीच सांगितलं, त्याची जीभ आखूड नव्हती. तो पुढं होऊन म्हणाला, पूजा होऊ द्या, पण तोवर मशीन उभी ठेवून त्या पेटीचा पंखा बंद करा, आणि गुलाल खाली बसल्याबिगर चालू करू नका. तो पंखा गुलाल आत ओढंल.

सबनीस लगेच म्हणाला, हे बरोबर आहे.

चेअरमननी दोघांकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत आकारामनं त्यांच्या भल्याचं काही फुकट सांगितलेलं त्यांना आठवेना. चार नंबर चालू ठेवून तीन नंबर बंद पाडायचा हा डाव आहे, असं त्यांना स्वच्छ दिसलं, आणि एवढं स्वच्छ दिसलेलं बहुधा चुकीचं असतं.

"आकाराम, तू तुझ्या पेटीचं बघ," ते म्हणाले. "पंखा चालू राहील. सबनीस, नारळ फोडायला जागा द्या."

आकारामनं मग आपल्या पेटीचं बघितलं. पुजाऱ्याच्या ताटातला मूठभर गुलाल उचलला आणि पुण्याच्या राखाडी पेटीला नवरीच्या मळवटासारखा फासला. बरगड्यांच्या फटीतसुद्धा बोटं घालून फासला. सबनीसचा चेहरा बघवेना. तीन नंबरच्या पेटीला पुजाऱ्यानं हळदकुंकू लावलं, चिमूटभर गुलाल उधळला, आणि भोंगा झाला.

पहिले काही तास तीन नंबरचे. खोटं कशाला सांगायचं, मुंबईची पेटी पळत होती. फवारा नेमका, वाफ नेमकी, नांगर अलगद. चार नंबरची एक खेप निघेपर्यंत तीन नंबर पुढच्या खेपेच्या अर्ध्यात असे. पडद्यावरची शिडी बघायला सरपंच रांग लावून आले. आकाराम आपल्या पेटीपाशी हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्याकडं बघायला कुणी रांग लावली नव्हती. भाऊसो तेवढे मधेच येऊन राखाडी पेटीच्या पाठीवर हात ठेवून गेले, मेंढ्याला ताप आहे का बघावं तसा.

दुपार व्हायच्या सुमाराला हंगामातलं पहिलं पोतं भरलं, आणि ते भरलं तीन नंबरच्या साखरेनं. झालं. नानासोंनी गुलालाचं एक पोतं आणि पेढ्यांचे खोके आधीच आणून ठेवले होते. इकडं गुलाल उधळायला आधी निकाल लागावा लागतो हे खरं, पण दम कुणाला असतो? ताशा आत आला. पहिल्या पोत्यावर, चेअरमनवर, जावयावर, सरपंचांवर आणि छपरापर्यंत गुलाल उडाला. मशीनघरात माणूस माणसाला दिसेना. सबनीस हात हलवत काहीतरी ओरडत होता. लोकांना वाटलं नाचतोय, त्यांनी त्यालाही रंगवला. पंख्यानं आपलं काम केलं. बाहेर होतं ते त्यानं इमानदारीनं आत घेतलं.

लगेच काही झालं नाही. हेच वाईट. लोक जेवायला पांगले, गुलाल खाली बसला, आणि मग तीन नंबरच्या पडद्यावरची शिडी थरथरली, वाकडी झाली आणि विझली. पिंप मंदावत मंदावत उभं राहिलं. नांगर वरच राहिला, हे त्या पेटीच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. मरताना तिनं कुणाची टोपी नेली नाही. सबनीसनं झाकण काढलं. आत सगळीकडं लाल. जाळीवर गुलाल आणि गोड वाफेची खळ बसून तिची चटणी झाली होती, हवा कोंडली होती आणि पेटी तव्यासारखी तापली होती.

बातमी पंगतीत पोचली तसे चेअरमन उष्ट्या हातानं आले. आकारामनं हाताची घडी सोडली आणि मिशीला हात लावला. तो हात मिशीवर असतानाच चार नंबर थांबली.

पिंप उभं, खरवडलेली साखर खाली पडलेली, पुढची खेप घ्यायचं नाव नाही. चेअरमनच्या तोंडावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं.

"दोन्ही थांबल्या," ते म्हणाले. "आकाराम, जतला उन्हाचं जपून राहा. तिकडं झाडं कमी."

बंगला, नळ, ते वाक्य, सगळं माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलं. पण फौजेनं एक शिकवलं होतं: तोफ उडाली नाही तर शिव्या मागाहून, आधी बघायचं. पेटीवर बारक्या दिव्यांची रांग होती. मशीनवर जिथं जिथं पेटीला निरोप द्यायला खटका बसवला होता, तिथल्या प्रत्येकाचा एक दिवा, आणि प्रत्येकाखाली आकारामनं मराठीत चिठ्ठी चिकटवलेली. त्यातला एकच विझलेला होता. हरिबा शेजारून वाचून म्हणाला, "नांगर वर. सायेब, हिला नांगर वर गेल्याचा निरोपच न्हाई आला."

नांगर वर तर गेला होता. सगळ्यांना दिसत होता. पण तो वर पोचला की खटक्याच्या ज्या दांडीला टेकायचा, त्या दांडीच्या सांध्यात गुलाल आणि पाकाचं थापलेलं थालीपीठ बसलं होतं. दांडी हलत नव्हती. माणसाला दिसत होतं, पेटीला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना पिंप फिरवायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. हरिबानं शिडी लावली, ओल्या फडक्यानं सांधा पुसला. दिवा लागला. आकारामनं बटण दाबलं. चार नंबर जिथं थांबली होती तिथूनच उचलून पुढं चालू झाली. पहिल्यापासून नाही, मधलं गाळूनही नाही.

चेअरमन म्हणाले, चालू झाली ते ठीक, पण थांबली हेही खरं. न थांबता चालायचं ठरलं होतं.

सगळे भाऊसोंकडं बघू लागले, कारण जुंपणीची अट त्यांची. भाऊसोंनी पानाची पिंक टाकायला बाहेर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला.

"चेरमनसायेब," ते म्हणाले, "माजं कुत्रं कळपाम्होरं पळतंय. म्होरं इहीर आली तर ते आडवं उबं ऱ्हातंय, भुकतंय, पन कळपाला हालू देत न्हाई. त्याला कोन थांबलं म्हनंल काय? ते राखतंय. गेल्या साली तुमचं कपाट थांबलं न्हवतं. हरिबाला इचारा."

हरिबाला विचारायची गरज नव्हती. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

तरी चेअरमन बधले नसते. पण मग सबनीस बोलला. लाल तोंडानं, लाल शर्टानं, झाकण हातात धरून. तो म्हणाला की त्याची पेटी हुशार आहे आणि गार, काचबंद खोलीत ती कुणालाही हरवील. पण ती आज मुंबईला नेल्याशिवाय सुरू होणार नाही, आणि ही दुसरी मशीनवाल्यानं फडक्यानं सुरू केली. "साहेब, इथं हीच घ्या," तो म्हणाला. नानासो त्याच्याकडं असे बघत होते, जसं काही त्यानं लग्नात मुलीची पत्रिका खोटी आहे म्हणून सांगितलं.

चार नंबर पाळी सुटेपर्यंत चालली. भोंगा झाला तेव्हा तिची शेवटची खेप खाली पडत होती, आणि मशीनवाल्यांनी उरलेला गुलाल झाडून गोळा करून आकारामच्या डोक्यावर ओतला. ताशेवाला घरी निघाला होता, त्याला फाटकातून परत आणला. भाऊसो खुशीत आले की कानडीत शिरतात. ते आकारामची पाठ थोपटत "हौदु, हौदु", म्हणजे होय, होय, म्हणत राहिले. पंधरा वर्षांच्या फौजेत पदकं मिळाली होती, पण अशी मिरवणूक नव्हती. मशीनघरापासून मांडवापर्यंत आकारामचे पाय जमिनीला लागले नाहीत.

मांडवात लाऊडस्पीकर तसाच उभा होता. आकाराम चेअरमनशेजारी वाकला आणि कानात म्हणाला, "लाल्या, माईक चालू हाय."

चेअरमन मोठे होते ते उगीच नव्हते. हरलेली बाजी कुठं ठेवायची हे त्यांना कळे. ते माईकपाशी गेले, घसा साफ केला आणि सरपंचांना सांगितलं की संचालक मंडळानं दूरदृष्टीनं दोन्ही पेट्या जुंपून बघितल्या आणि पंखा नसलेली पेटी पसंत केली. टाळ्या पडल्या. आकाराम जागचा हलला नाही. चेअरमननी त्याच्याकडं बघितलं, माईकवर अर्धा हात ठेवला आणि म्हणाले, "आकाराम, तुझं खरं."

अर्धाच हात ठेवला होता. वाक्य लाऊडस्पीकरमधून निघालं, उसाच्या फडांवरून गेलं आणि पलीकडं पाणी पाजणाऱ्या माणसानं पाटाची दारं मोडता मोडता वर बघितलं. कॉलनीच्या सामाईक नळावर राहीबाईनं ते घागर भरताना ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "आता हे जेवनार न्हाईत. पोट भरलं."

उरला हिशेब. तो असा.

मुंबईच्या कंपनीनं पेटी परत नेली, धुतली, आणि म्हणतात की कोपऱ्यात अजून लाल आहे. पण सबनीसनं जाऊन सांगितलं असावं, कारण पुढच्या पेट्यांना त्यांनी पंखा ठेवला नाही. म्हणजे त्यांचंही फार गेलं नाही. नानासोंचा गुलाल गेला आणि पेढे गेले. पण वर्षाच्या आत विश्रामबागेतली पाटी बदलली आणि ते पुण्याच्या राखाडी पेटीचे एजंट झाले. आता ते गिऱ्हाइकाला सांगतात, पंखा बघून घेऊ नका. चेअरमनचं एक वाक्य गेलं, ते त्यांनी वार्षिक सभेत "मी निवडलेली पेटी" म्हणून व्याजासकट वसूल केलं. जतच्या शेडवर भाऊसोंचा पुतण्या चिकटला. हरिबा आता स्टुलावर बसून दिवे वाचतो. मान सरळ झाली आहे.

आकारामला बंगला मिळाला, घरात नळ मिळाला. फक्त विभागानं एक सोय केली. पेटीनं कशासाठीही मशीन अडवून धरली, की प्रमुखांना तत्काळ कळावं म्हणून मशीनघरातून तार ओढून बंगल्यात घंटा बसवली. पेटी इमानी, वेळी-अवेळी राखण करते. घंटा वाजते. आकाराम फौजी माणूस, अंगावरून रणगाडा गेला तरी कूस बदलणार नाही. उठते ती राहीबाई. दिवा लावते, त्याला हलवते, हातात पायताण देते, फाटक लावते आणि मग जागीच राहते. बाकी सगळ्यांनी आपापलं दिलेलं परत मिळवलं; या व्यवहाराची किंमत दिली ती तिच्या झोपेनं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.